पंपहाऊसखाली सापडलेलं घुबडाचं पिल्लू

"त्याला काही खायला-प्यायला दिलंय का?"

बचाव केंद्रातल्या ताईंनी माझं नाव विचारायच्या आधी हे विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज जरा सैलावला. "उत्तम. आता पुढेही काही देऊ नका, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. सांगा, काय सापडलंय?"

सापडलं होतं घुबडाचं पिल्लू. आमच्या इमारतीमागे जुनं पंपहाऊस आहे. त्याच्या पोटमाळ्याच्या झरोक्याची जाळी कधीचीच तुटली आहे आणि आत घुबडांची जोडी राहते, हे रात्रीच्या आवाजांवरून सगळ्यांना माहीत होतं. तिन्हीसांजेला वॉचमन काकांनी मला खालून हाक मारली. "ताई, जरा येता का? भिंतीपाशी काहीतरी फुसफुसतंय. साप असला तर मी काही हात लावायचो नाही."

साप नव्हता. गव्हाणी घुबडाची पिल्लं घाबरली की असाच लांबलचक, घसा खरवडून काढलेला फुत्कार टाकतात. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा चेहरा, काळेभोर डोळे, अंगावर पांढुरकी लव आणि तिच्यातून डोकावणारी सोनेरी-करडी पिसं. एक पंख किंचित खाली सोडलेला. चार हातांवर आमच्या आवारातलं बोकं मांजर दबा धरून बसलेलं. काकांनी ते आधी हुसकलं. मी खेळणाऱ्या पोरांना पलीकडे पिटाळलं आणि लांबूनच फोटो काढून फोन लावायला लागले. पहिल्या नंबरवर कुणी उचललं नाही. दुसऱ्यावर या ताई भेटल्या.

खरं तर जमिनीवर पिल्लू दिसलं की उचलू नये, एवढं मला ठाऊक होतं. बहुतेक पक्ष्यांची पिल्लं धड उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात, चार-आठ दिवस झुडपांतून, भिंतीच्या कडेने उड्या मारत फिरतात, आणि आई-बाप त्यांना तिथेच भरवतात. आखूड शेपटी, अंगभर पिसं, चोचीच्या कोपऱ्यात पिवळी कड असं पिल्लू दिसलं तर ते हरवलेलं नसतं, ते शाळेत गेलेलं असतं. मांजर-कुत्रं आवरायचं आणि आपण लांब व्हायचं. मी तसं बोलूनही दाखवलं. "आपण नुसती नजर ठेवू का? आई खाली येईल ना?"

"दुसरा पक्षी असता तर हेच सांगितलं असतं," ताई म्हणाल्या. "पण गव्हाणी घुबड खाली पडलेल्या पिल्लाला सहसा विचारत नाही. भक्ष्य आणून द्यायची जागा म्हणजे घरटं, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. खाली बसलेलं पिल्लू ओरडून ओरडून उपाशी राहतं, आणि वर आई भावंडांना भरवत असते. शिवाय पंख लोंबतोय म्हणताय. याला घ्यावंच लागेल."

मग प्रश्नांची सरबत्ती झाली. रक्त दिसतंय का? माश्या घोंगावताहेत का? पिसांत तांदळाच्या कणीएवढे पांढरे पुंजके आहेत का? (ती माश्यांची अंडी. ती दिसली तर रात्र काढायची नाही, लगेच निघायचं.) मान सरळ आहे की एका बाजूला कलते? आणि ज्या प्रश्नावर त्या सगळ्यात जास्त रेंगाळल्या तो म्हणजे, मांजराने त्याला तोंडात धरलं होतं का, की नुसतं जवळ बसलं होतं? मी काकांना विचारलं. त्यांनी पाहिलं तेव्हा मांजर लांबच होतं, पण आधीचं त्यांना सांगता येईना. "मग फॉर्मवर 'माहीत नाही' लिहा, 'नाही' लिहू नका," ताईंनी बजावलं. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. दात सुईसारखे बारीक, त्यामुळे पिसांखाली जखम दिसतही नाही, आणि वेळेत अँटिबायोटिक मिळालं नाही तर धडधाकट दिसणारा पक्षी एक-दोन दिवसांत जंतुसंसर्गाने मरतो. "मांजराने धरलं होतं, पण काही लागलं नाही, म्हणून सोडून दिलं" असं सांगणारे फोन त्यांना नेहमी येतात.

पिल्लू खोक्यात घालायचं काम माझ्याकडे आलं. चपलांचं खोकं लहान पडलं, म्हणून मिक्सरचं रिकामं खोकं आणलं. पिंजरा चालणार नव्हता, कारण गजांवर आपटून पिसं मोडतात, आणि घुबडाचं एक मोडकं पीससुद्धा त्याच्या बिनआवाजाच्या उडण्यात खोट आणतं. खोक्याला वर पेन्सिलीने भोकं पाडली, तीही पिल्लू आत जायच्या आधी. तळाला जुना टॉवेल अंथरला. धागे सुटलेला नको, नखं अडकतात. शिकारी पक्ष्याच्या चोचीला सगळे घाबरतात, पण खरी भीती त्याच्या पंजांची. बगळ्यासारख्या लांब चोचीच्या पक्ष्यांचं उलट, ते थेट डोळ्याचा वेध घेतात. घुबडावर मागून टॉवेल टाकायचा, डोकं झाकलं गेलं की ते शांत होतं, मग दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून, पाय आपल्यापासून लांब ठेवून उचलायचं. मी हातात बागकामाचे जाड मोजे घातले होते, तरी एक पंजा मोज्यात रुतलाच. ओढून सोडवायला गेलं तर पकड घट्ट होते. ताई स्पीकरवर होत्या. "पाय सरळ होऊ द्या, मग बोटं आपोआप उघडतील." तसं केलं आणि बोटं उघडली. मधल्या बोटाच्या नखाची आतली कड कंगव्यासारखी दातेरी होती. पिसं विंचरायला गव्हाणी घुबडाला निसर्गाने दिलेली ती सोय मी आधी फक्त वाचलेली होती.

केंद्र रात्री बंद, त्यामुळे पिल्लू सकाळपर्यंत माझ्याकडे राहणार होतं. सूचना मोजक्या होत्या: ऊब, अंधार, शांतता. बाटलीत कोमट पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येतं. खोकं रिकाम्या खोलीत ठेवायचं, दार बंद. टीव्ही नाही, सारखं झाकण उघडून बघणं नाही, आणि बोलणंही नाही. माणसाचा आवाज आपल्याला प्रेमळ वाटतो. त्याला तो शिकाऱ्याचा वाटतो.

ही शांततेची गोष्ट मला वाटली होती तेवढी हळवी नाही, ती चक्क वैद्यकीय आहे. जंगली प्राण्याला धरलं, की भीतीने त्याच्या स्नायूंवर इतका ताण येतो की ते आतल्या आत तुटायला लागतात. त्यातून बाहेर पडणारी द्रव्यं मूत्रपिंडं आणि हृदय निकामी करू शकतात. हरणं, ससे, लांब पायांचे पक्षी यांच्यात हे जास्त होतं. प्राणी त्या दिवशी ठीक वाटतो आणि नंतर एक-दोन दिवसांत अचानक जातो. लोक म्हणतात, आम्ही मांडीवर घेतलं होतं, अगदी शांत पडून होतं. ते शांत पडून राहणं म्हणजे बऱ्याचदा भीतीने गोठून जाणं असतं.

शेजारच्या काकू वाटीत दूध आणि कापसाचा बोळा घेऊन आल्याच. "अगं, सकाळपर्यंत उपाशी कसं ठेवतेस लेकराला?" काकूंना परत पाठवणं हे त्या रात्रीतलं सगळ्यात अवघड काम. पक्ष्यांना दूध पचत नाही, आयुष्यात कुठल्याच टप्प्यावर ते दूध पीत नाहीत. आणि पाणी ओतायचं नाही याचं कारण तर चोच उघडून पाहिली की लगेच कळतं: श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच, उघडंच असतं. ड्रॉपरने पाजलेलं पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. अन्नाचंही तसंच. गारठलेल्या, सुकलेल्या शरीराला अन्न पचवायची ताकद नसते. आधी ऊब, मग सलाइन, अन्न सगळ्यात शेवटी, असा क्रम असतो. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर घातलं तर रक्तातल्या क्षारांचा तोल जाऊन त्यानेच तो दगावू शकतो. काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं, दुधाची वाटी परत नेली आणि जाताना म्हणाल्या, "तुमच्या त्या ताईंना लेकरं नसतील." ताईंना दोन मुली आहेत, हे मला नंतर कळलं.

रात्रभर आतून फुत्कार येत होते. मी दारापाशी जायची आणि परत फिरायची. बघायची इच्छा होत नव्हती असं नाही. पण अंड्यातून निघालेलं पिल्लू सुरुवातीच्या दिवसांत ज्याला बघतं त्यालाच आपलं मानतं, हे मला माहीत होतं. कोन्राड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या मागे मागे फिरणारी हंसाची पिल्लं अनेकांनी फोटोत पाहिली असतील. त्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ मध्ये नोबेल विभागून मिळालं. आपल्याला त्या फोटोचं कौतुक वाटतं, पण रानात परत जायचं असलेल्या पक्ष्याच्या दृष्टीने ते संकट आहे. माणसाला आपलं मानणाऱ्या घुबडाला जोडीदार ओळखता येत नाही, ते माणसांच्या अंगावर येऊन बसतं किंवा हक्काने हल्ला करतं, आणि कायमचं पिंजऱ्यात राहतं. कॅलिफोर्नियातलं कॉन्डॉर नावाचं गिधाड १९८० च्या दशकात जवळपास संपलं होतं. तेव्हा माणसांनी वाढवलेल्या पिल्लांना कॉन्डॉरच्या डोक्याची बाहुली हातात चढवून भरवत, ते याचसाठी. माझ्या खोक्यातलं पिल्लू त्या कोवळ्या वयाच्या पुढे गेलेलं होतं, पण माणसाची भीती मोडायला वयाची अट नसते. ती भीतीच पुढे त्याला जगवते.

सकाळी गाडीत रेडिओ बंद ठेवला, खोकं मागच्या सीटखाली अडकवून ठेवलं. केंद्रात गेल्यावर आधी खोकं आत गेलं आणि मग माझ्यासमोर फॉर्म आला. त्यात माझ्याबद्दल दोन ओळी आणि जागेबद्दल अर्धं पान होतं. नक्की कुठे सापडलं, वर काय आहे, जवळ रस्ता, विजेच्या तारा, काचेची मोठी खिडकी आहे का, आवारात काय फवारतात, उंदरांचं औषध ठेवतात का. "इमारतीच्या मागे" एवढ्यावर तिथल्या मुलाने मला सोडलं नाही, नकाशावर नेमकी खूण करायला लावली. पिल्लाला परत त्याच जागी न्यायचं तर हीच खूण कामाला येते. चुकीच्या जागी सोडलेल्या प्राण्याला तिथलं पाणी, लपायच्या जागा आणि आधीपासून हद्द राखून असलेले भाऊबंद यांपैकी काहीच ठाऊक नसतं.

तपासणी मला काचेपलीकडून पाहू दिली. डॉक्टरांनी आधी खोकं तसंच वजनकाट्यावर ठेवलं, पिल्लू काढल्यावर रिकामं खोकं परत तोललं. मग टॉवेलात गुंडाळलेल्या पिल्लाचं तोंड उघडून आतला रंग पाहिला, गुलाबी होता. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवलं. हाड सुरीसारखं लागलं तर उपासमार, दोन्हीकडे मांस भरलेलं असलं तर खाणं चांगलं. हे भरलेलं होतं. या वयात गव्हाणी घुबडाचं पिल्लू वजनात आई-बापांच्याही पुढे जातं, मग उडायच्या बेताला झडतं. डोक्याच्या बाजूची पिसं फुंकर मारून बाजूला केली तेव्हा कानाचं मोठं भोक दिसलं. घुबडाच्या कानातून त्याच्या डोळ्याच्या गोळ्याची मागची बाजू दिसते. डोक्याला मार लागला असेल तर रक्त तिथे आणि डोळ्याच्या आत सापडतं. तिथे काही नव्हतं. पंख उघडल्यावर मात्र कोपराजवळ कातडीवर हिरवा डाग होता. मला वाटलं गँगरीन. डॉक्टर हसल्या. "पक्ष्यांना मुका मार लागला की हिरवंच होतं. आपल्याकडे निळं-काळं, मग हिरवं-पिवळं. यांच्यात थेट हिरवं." एक्स-रेत हाड मोडलेलं निघालं नाही. कातडीखाली कोमट सलाइन दिलं, मांजराची शंका फॉर्मवर होती म्हणून अँटिबायोटिक सुरू केलं, आणि मला घरी जायला सांगितलं.

मी विचारलं, मध्येमध्ये येऊन बघू शकते का? नाही. फोटो? तेही नाही, नंबर सांगून चौकशी करा. राग आला नाही म्हणणार नाही. पण अशा ठिकाणी भेटायला येणारी प्रत्येक व्यक्ती पेशंटला शिकारीच वाटते. हॉस्पिटलमध्ये सगळ्या खाटांशेजारी वाघ चकरा मारताहेत असं समजा, त्या मुलाने मला सांगितलं.

निघायच्या आधी बाकावर बसले होते, तेवढ्यात दोन केसेस आल्या. एका कुटुंबाने हरणाचं पाडस आणलं होतं, अंगावर एक ओरखडा नाही. "एकटंच गवतात पडलं होतं. आम्ही तासभर थांबलो, आई आलीच नाही." आई येणारच नव्हती, कारण ही माणसं तिथे तासभर उभी होती. हरणी पाडसाला गवतात दडवून लांब चरायला जाते, म्हणजे तिच्या वासावर शिकारी येणार नाही. दिवसातून थोड्याच वेळा येऊन पाजते. रानसशीण तर पिल्लांना साधारण दिवसातून एकदाच, सूर्य मावळल्यावर पाजून निघून जाते. केंद्रातल्या माणसाने त्या कुटुंबाला जराही ओरडलं नाही. पाडस धडधाकट आहे पाहून त्यांनाच बरोबर घेतलं आणि तडक त्याच जागी ठेवायला गाडी काढली. "माणसाचा वास लागला, आता आई घेईल का?" त्या बाईंनी रडवेल्या होऊन विचारलं. घेते, बहुतेक वेळा. हात लागला की आई टाकून देते ही समजूत पक्ष्यांच्या बाबतीत तर बिनबुडाचीच आहे, बहुतेकांना वासावरून पिल्लू ओळखायचंच नसतं. उशीर मात्र नडतो.

तो नडला की काय होतं याचं उदाहरण जगभर गाजलेलं आहे. २०१६ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांनी बायसनचं नवजात वासरू "गारठलंय" म्हणून गाडीत घालून रेंजरकडे आणून दिलं. रेंजर्सनी ते कळपात परत घालायचे पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. कळपाने नाकारलं. वासरू मग माणसांकडे आणि मोटारींकडे जायला लागलं आणि शेवटी त्याला मारावं लागलं. वासरू उचलणारे दुष्ट नव्हते. याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

दुसरी केस म्हणजे एक कॉलेजचा मुलगा, रुमालात वटवाघूळ घेऊन आलेला. इथे मात्र पेशंटआधी त्याला धरलं. "चावलं का? ओरबाडलं का? हात दाखव." बोटावर टाचणीच्या टोकाएवढी खूण होती, तो म्हणे ती आधीचीच असेल. त्याला नळाखाली उभं करून साबणाने पूर्ण १५ मिनिटं हात धुवायला लावले, घड्याळ लावून, आणि तिथूनच डॉक्टरांकडे रेबीजच्या लशीसाठी धाडलं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की इलाज जवळपास नाहीच, पण वेळेत धुणं आणि लस यांनी तो टाळता येतो. वटवाघळाचे दात इतके बारीक असतात की चावा जाणवतही नाही. जमिनीवर पडलेलं वटवाघूळ, दिवसाढवळ्या माणसाची भीती न बाळगता जवळ येणारा कोल्हा किंवा मुंगूस यांना उघड्या हाताने उचलायचं नाही. वटवाघळावर जपून खोकं पालथं घालायचं, बाकीच्यांपासून लांब राहायचं आणि फोन करायचा. माकड, मोठा शिकारी प्राणी, साप यांच्या बाबतीत तर तेही नाही. तिथे आपलं काम म्हणजे गर्दी हटवणं आणि फोन.

पिल्लाची बातमी चांगली येत होती. पंख बरोबर धरू लागलं होतं, अख्खा उंदीर गिळून हाडं-केसांची गोळी टाकत होतं. ही गोळी महत्त्वाची. बिनहाडाच्या मांसावर वाढवलेल्या शिकारी पक्ष्याची हाडं कॅल्शियमअभावी वाकडी होतात. चिकनचे तुकडे भरवून "वाचवलेली" घुबडं शेवटी तशीच अपंग होऊन केंद्रात येतात. बहुतेक देशांत वन्यप्राणी परवान्याशिवाय पाळायला बंदी आहे. हे वाकडे पाय पाहिले की त्या बंदीचा राग येत नाही.

पिल्लू मोठ्या पिंजऱ्यात वाढवून सोडण्यापेक्षा घरट्यात परत ठेवणं केव्हाही चांगलं, कारण शिकार जमेपर्यंत भरवायला तिथे आई-बाप असतात. वनखात्याला कळवून केंद्राची माणसं दुपारी शिडी घेऊन आली. पोटमाळ्यात आणखी तीन पिल्लं निघाली. एक जवळपास उडायच्या बेतात, एक अजून नुसता लवेचा गोळा. घुबड पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवायला बसतं आणि पुढची अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालतं, त्यामुळे भावंडांची अशी उतरंड लागते. आमचं पिल्लू वरून दुसरं निघालं. त्याला मधोमध ठेवलं, सगळी भेदरून कोपऱ्यात गेली आणि चौघांनी मिळून फुत्कारांचा गजर केला. झरोक्यापाशी काही वेळ कापड धरून ठेवलं, म्हणजे दचकून कुणी बाहेर उडी घेऊ नये. आणि झरोक्याच्या कडेला आतून वीतभर उंच फळी ठोकली, कारण पिल्लं तिथूनच घसरत होती. रात्री मी आणि वॉचमन काका लांब बाकावर बसून होतो. अंधार पडल्यावर मोठं घुबड तोंडात उंदीर घेऊन आत गेलं. किती पिल्लं आहेत याचा हिशेब गव्हाणी घुबड ठेवत नाही, त्यामुळे परत आलेल्याला कुणी हटकलं नाही.

शिडीवरून उतरताना डॉक्टरांचं लक्ष पंपहाऊसच्या भिंतीकडेच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पेट्यांकडे गेलं. आत निळसर वड्या. त्यांनी पेटीवरचं लेबल वाचलं: ब्रोमॅडिओलोन. "पिल्लाच्या सुईच्या जागेचं रक्त लगेच थांबलं होतं, म्हणून मी तेव्हा फार विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "पण हे इथे राहिलं तर पुढच्या वेळी थांबेलच असं नाही."

हे विष रक्त गोठू देत नाही. उंदीर खाल्ल्याबरोबर मरत नाही, त्याला काही दिवस लागतात. त्या दिवसांत तो सुस्तावतो, उघड्यावर येतो आणि घुबडाला आयताच सापडतो. घुबडाच्या यकृतात हे विष महिनोन्‌महिने साठून राहतं, प्रत्येक उंदरामागे थोडं थोडं. मग एखाद्या किरकोळ ठेचेने पक्षी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. वेळेत सापडला तर के-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन वाचवता येतो, पण पोटमाळ्यातलं घुबड वेळेत कोणाला सापडणार?

मी कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. खजिनदार काका ताडकन म्हणाले, "मग काय, उंदीर पाळायचे?" प्रश्न रास्त होता. मी घुबडांचीच बाजू आकड्यात मांडली. एक मोठं घुबड रात्रीला साधारण तीन-चार छोटे उंदीर खातं आणि वर चार पिल्लं आहेत. मलेशियात पामतेलाच्या मळ्यांत, इस्रायल आणि जॉर्डनमध्ये शेतांत गव्हाणी घुबडांसाठी मुद्दाम लाकडी पेट्या लावतात, तेही उंदरांसाठीच. त्यावर काका म्हणाले, "ती घुबडं मीटर रूममध्ये येतात का?" येत नाहीत. म्हणून दुसरा कागद काढला. छोट्या घरउंदराला आत शिरायला ६ मिलिमीटरची फट पुरते. कचराखोलीच्या दाराखाली दोन बोटं जातील एवढी फट होती, पाइपांभोवतीची भोकं उघडी होती, डब्यांना झाकणं नव्हती. विषाच्या वड्या वर्षानुवर्षं बदलत होतो आणि उंदीर वर्षानुवर्षं येतच होते.

घासाघीस होऊन ठरलं ते असं: पंपहाऊसकडच्या पेट्या लगेच उचलायच्या, आत सापळे लावायचे तेही झाकलेल्या पेटीत, कचराखोलीच्या दाराला पत्रा मारायचा आणि पाइपांभोवती जाळी. पेस्ट कंट्रोलवाल्याने कुरकुर करत पेट्या नेल्या. पत्रा मारून झालाय, जाळी अर्धी बाकी आहे. पलीकडच्या इमारतीच्या भिंतीला मात्र त्याच काळ्या पेट्या आहेत, आणि आमची घुबडं त्यांच्याकडच्या मैदानातही शिकार करतात. त्यांच्या सेक्रेटरींना डॉक्टरांच्या सहीचं पत्र दिलंय. "मीटिंगमध्ये ठेवतो" म्हणालेत, मीटिंग पुढच्या महिन्यात आहे.